मुलगा म्हणतो, "देव ऐकतच नाही." आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगा तेरा वर्षांचा. आजोबांच्या आजारपणात त्यानं रोज रात्री त्यांच्यासाठी प्रार्थना केली, आणि आजोबा गेले. तेव्हापासून कौटुंबिक प्रार्थनेला तो बसतो, पण तोंड उघडत नाही. परवा म्हणाला, "देव ऐकतच नाही, तुम्ही उगाच बोलत बसता." मुलगी आठ वर्षांची, वचनं घडाघडा म्हणून दाखवते, पण ते नुसतं पाठांतर आहे अशी शंका तुम्हाला येते. आणि पत्राच्या शेवटी तुम्ही विचारलंय, "माझं कुठं चुकलं?"

मी सत्तावीस वर्षं संडे स्कूलमध्ये शिकवते आहे, आणि त्यातली बरीच वर्षं आईवडिलांशी बोलण्यात गेली आहेत. माझी स्वतःची दोन मुलंही याच वाटेनं मोठी झाली. तुमच्या पत्रात मला सर्वांत जास्त आशा दिसली ती मुलाच्या त्या रागावलेल्या वाक्यात. ज्याला देवाशी काही देणंघेणं उरलेलं नसतं, तो देवावर रागावत नाही, तो विषयच बदलतो. तुमच्या मुलानं विषय बदललेला नाही.

पवित्र शास्त्रात मुलांना देवाविषयी सांगण्याची गोष्ट जिथं जिथं येते, तिथली एक गंमत माझ्या फार उशिरा लक्षात आली. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसर देशातल्या गुलामीतून झालेल्या सुटकेच्या सणाच्या वेळी मुलं विचारतील, या विधीचा अर्थ काय (निर्गम १२:२६). यार्देन नदीच्या पात्रातून उचलून गिलगालात उभे केलेले बारा दगड बघून मुलं विचारतील, हे दगड कसले (यहोशवा ४). पुढं तुझा मुलगा तुला विचारील, या आज्ञा आणि विधी कशासाठी (अनुवाद ६:२०). तिन्ही ठिकाणी आधी मूल विचारतं. आणि बापानं द्यायचं उत्तर बघा: आम्ही मिसर देशात फारोचे दास होतो, परमेश्वरानं आम्हाला बाहेर काढलं. मुलानं नियमांबद्दल विचारलं, बापानं घरची हकिगत सांगितली.

म्हणजे आईबापाचं काम दोनच. मुलाला "हे काय आहे?" असं विचारावंसं वाटेल असं काहीतरी घरात उभं असावं, आणि त्यानं विचारलं की आपल्याशी जे घडलं ते सांगता यावं. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. मुलानं विचारण्याआधीच उत्तरं देऊन मोकळे होतो, आणि तो खरंच विचारायला लागला की घाबरून त्याला गप्प करतो.

आता तुमच्या मुलाकडे वळते.

त्याला काय सांगू नये, हे आधी सांगते, कारण ते मी स्वतः करून बसले आहे. माझी आई गेली तेव्हा धाकटी सहा वर्षांची होती. तिला मी म्हणाले, "आजी फार चांगली होती ना, म्हणून देवानं तिला लवकर बोलावून घेतलं." ती काही बोलली नाही. त्यानंतर काही आठवडे ती विचित्र वागत होती, मुद्दाम वस्तू फोडायची, खोटं बोलायची. एका रात्री पांघरुणात तोंड खुपसून म्हणाली, "मला चांगलं नाही व्हायचं. मग देव मला नेईल." मी तिला जवळ घेऊन खूप वेळ बसले. दुसऱ्या दिवशी तिला सांगितलं की आई चुकीचं बोलली, आजीला आजार होता आणि तिचं शरीर थकलं होतं, तू चांगली आहेस म्हणून देव तुला आमच्यापासून हिसकावून घेणार नाही. ती एवढंच म्हणाली, "नक्की?"

तेव्हा "देवाची इच्छा" हे शब्द लगेच पुढं करू नका. "तुझा विश्वास कमी पडला" हे तर कधीच नको. तेरा वर्षांच्या पोराच्या खांद्यावर आजोबांचं मरण ठेवल्यासारखं होतं ते. लहान मुलं हे कोणी न सांगताही स्वतःवर घेतात. "मी एक दिवस प्रार्थना विसरलो होतो, म्हणून झालं का?" असं मला वर्गात एकापेक्षा जास्त मुलांनी, अगदी हळू आवाजात, विचारलं आहे. तुमच्या मुलाच्या रागाखाली हा प्रश्न दडलेला आहे का, हे शोधा.

मग त्याला द्यायचं काय? विलाप द्या. आपल्या मंडळ्यांमध्ये मुलांना आनंदाची गाणी खूप शिकवतात आणि विलाप जवळजवळ शिकवतच नाहीत. १५० स्तोत्रांपैकी साधारण एक-तृतीयांश विलापाची आहेत. तेरावं स्तोत्र काढा, सहाच ओव्या आहेत, आणि सुरुवातच "हे परमेश्वरा, कोठवर?" या हाकेनं होते. नंतर अठ्ठ्याऐंशीवं काढा. ते शेवटपर्यंत उजेडात येतच नाही, अंधारातच संपतं, आणि तरीही ते शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलेलं नाही. मुलाला म्हणा, "तू जे बोललास ना, ते इथं कोणीतरी तुझ्या कितीतरी आधी बोललंय, आणि देवाच्या तोंडावर बोललंय."

त्यानंतर, त्याच दिवशी नव्हे, गेथशेमाने बागेतला, वधस्तंभाच्या आदल्या रात्रीचा प्रसंग वाचा. प्रभू येशूनं पित्याजवळ मागितलं की हा प्याला माझ्यापासून टळो. त्यानं एकदा नव्हे, तीनदा मागितलं (मत्तय २६). प्याला टळला नाही. आपल्या विश्वासाच्या अगदी मधोमध एक अशी प्रार्थना आहे जी मागितली तशी मिळाली नाही, आणि ती खुद्द पुत्राची आहे. "देव ऐकत नाही" म्हणणाऱ्या मुलाला देण्यासारखं याहून प्रामाणिक माझ्याजवळ काही नाही. पुनरुत्थानाची आशा आहेच, ती आपण सोडत नाही, आजोबांबद्दलही सोडत नाही. पण वधस्तंभाच्या शुक्रवारवरून थेट पुनरुत्थानाच्या रविवारवर उडी मारली की मुलाला वाटतं, माझं दुःख यांना अडचणीचं वाटतंय. मित्र लाजाराच्या कबरेपाशी आपण त्याला मेलेल्यांतून उठवणार हे प्रभूला ठाऊक होतं, तरी "येशू रडला" (योहान ११:३५).

आणि तुम्ही रडलात का त्याच्यासमोर? मला हे मनापासून विचारायचं आहे. आजोबांसाठी तुम्हीही मागितलंच असणार. तुम्हालाही नकार मिळाला. तो तुम्ही कसा पचवताय, हे त्याला दिसतंय का, की तुम्ही दार लावून रडता आणि बाहेर येऊन "देव चांगला आहे" म्हणता? त्यानं पाहायला हवं ते नेमकं दाराआडचं. आई रडते, देवाला विचारते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्याच पायाशी जाऊन बसते, हे मुलानं पाहिलेलं असलं की तो दगड घरात उभा राहिला समजा.

आमच्या घरी एक साधी वही होती, शाळेची दोनशेपानी. डाव्या बाजूला तारीख आणि विनंती, उजवीकडे काय झालं ते. पहिल्या वर्षी उजवीकडचे रकाने रिकामे राहिले की मला ओशाळल्यासारखं व्हायचं, म्हणून मिळालेल्या उत्तरांवरच मी बोट ठेवायचे. मोठ्या मुलानं, तेव्हा तो दहाचा होता, एके दिवशी पेन्सिलनं सगळ्या रिकाम्या रकान्यांत "अजून नाही" लिहून टाकलं. दोन ठिकाणी "नाही" लिहिलं, आजीच्या नावापुढे आणि एका मित्राच्या आईवडिलांच्या घटस्फोटापुढे. मला वाटलं खोडावं. खोडलं नाही, बरं झालं. त्या वहीवर त्याचा विश्वास बसला तो त्या दोन "नाही"मुळे, कारण वही खरं बोलत होती.

आता कौटुंबिक प्रार्थना. ती बंद करू नका, पण आखूड करा. तुमच्याकडे पाऊण तास चालते असं तुम्ही लिहिलंय. तेरा वर्षांच्या मुलाला आणि आठ वर्षांच्या मुलीला एका जागी पाऊण तास बसवणं म्हणजे दोघांनाही घड्याळ बघायला शिकवणं. दहा मिनिटं पुरतात. एक उतारा, एक प्रश्न, एक गीत, आणि प्रभूनं शिकवलेली प्रार्थना. मार्काचं शुभवर्तमान घ्या, सोळाच अध्याय आहेत, रोज दहा-बारा ओव्या वाचल्या तर दोन महिन्यांच्या आसपास संपतं. वेग आहे त्यात, लगेच काहीतरी घडतं, मुलांना आवडतं. वाचून झालं की तात्पर्य सांगू नका. "तू तिथं असतास तर कुठं उभा राहिला असतास?" एवढं विचारा आणि थांबा. थांबणं अवघड आहे. शांतता पडली की आईवडील ती स्वतःच्या प्रवचनानं भरून काढतात.

मुलगा बोलत नसेल तर बोलायला लावू नका. "आता दादा प्रार्थना करील" हे वाक्य काही महिने बाजूला ठेवा. त्याला वाचायला द्या, मेणबत्ती लावायला द्या, बहिणीसाठी जागा करून द्यायला सांगा. बसणं ठरलेलं, बोलणं ऐच्छिक. प्रेषित पौलानं बापांना लिहिताना एक नेमका शब्द वापरलाय, मुलांना "चिरडीस आणू नका" (इफिसकर ६:४), आणि कलस्सैकरांस लिहितानाही तेच, का तर ती खचून जातील. देवाच्या नावानं आणलेली चिरड फार वर्षं टिकते. चाळिशीतली माणसं माझ्यासमोर बसून लहानपणच्या प्रार्थनेच्या वेळी खाल्लेल्या चापटा आठवतात.

सगळ्यांबरोबरच्या वेळेपेक्षा एकट्या मुलाबरोबरचा वेळ मला जास्त मोलाचा वाटतो. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्ली यांची आई सुझाना, तिला एकोणीस मुलं झाली, त्यातली दहा जगली. घर चालवून ती दर संध्याकाळी एकेका मुलाशी एकटीनं बोलायला बसायची. जॉनच्या वाट्याला गुरुवार होता, चार्ल्सच्या शनिवार. जॉन मोठा झाल्यावरही आईला लिहिलेल्या पत्रात त्या गुरुवारच्या वेळेची आठवण काढत होता. तुम्हाला दोनच मुलं आहेत, आठवड्यातून एक संध्याकाळ प्रत्येकाची ठरवा. तेरा वर्षांच्या मुलाला समोरासमोर बसवू नका, बरोबर चालायला न्या. अनुवादाच्या पुस्तकात "मार्गाने चालत असता" असं म्हटलंय ते मुलग्यांच्या बाबतीत अगदी शब्दशः खरं आहे. नजर समोर रस्त्यावर असली की ते बोलतात.

मुलीबद्दल तुम्ही उगाच धास्तावला आहात असं मला वाटतं. आठव्या वर्षी पाठांतर हे पाठांतरच असतं. ते साठवण आहे, पुढं उघडायची. मी एका वृद्ध बाईंच्या उशाशी बसले आहे ज्यांना स्वतःच्या मुलांची नावं आठवत नव्हती, पण तेविसावं स्तोत्र सुरू केलं की त्यांचे ओठ पुढच्या ओळीवर आपोआप यायचे. तेव्हा पाठ करू द्या. फक्त दोन गोष्टी सांभाळा. वचन शिक्षा म्हणून पाठ करायला लावू नका, आणि पाठ केल्याबद्दल बक्षिसाची रांग लावू नका. या वयाची मुलं रूपकं शब्दशः घेतात, हेही ध्यानात असू द्या. "येशू माझ्या हृदयात राहतो" म्हटल्यावर एका मुलीनं मला विचारलं होतं, ऑपरेशन करताना डॉक्टरांना तो दिसतो का. हसू नका अशा प्रश्नाला. "येशू तुझ्याबरोबर असतो, तू त्याच्याशी कधीही बोलू शकतेस" हे तिला जास्त नीट कळतं.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मला टोचलं. मुलगी भांडली की तुम्ही म्हणता, "देव बघतोय हं." मी समजू शकते, आपल्या सगळ्यांच्या तोंडी हे बसलेलं आहे. पण देवाला घरचा शिपाई करू नका. आपला धाक संपला की त्याचा वापरायचा, आणि मग त्याच देवाला "बापा" म्हणायला सांगायचं, हे मुलांच्या मनात जुळत नाही. शिस्त आपली आपण लावावी, आपल्या नावावर. देव बघतो हे खरंच आहे, ते अब्रामाच्या घरची दासी हागार हिला रानात जसं कळलं तसं कळू द्या. छळामुळे पळून आलेल्या त्या बाईनं त्याला "मला पाहणारा देव" असं नाव दिलं (उत्पत्ती १६), आणि तिच्यासाठी ते पाहणं दिलासा होतं.

याच्याच शेजारची एक गंभीर गोष्ट. काही मुलं भीतीतच अडकतात. तीच क्षमा दिवसातून वीसदा मागतात, "अक्षम्य पाप" माझ्याकडून झालं का म्हणून झोपत नाहीत, प्रार्थनेतला एखादा शब्द चुकला तर पहिल्यापासून सुरू करतात. पालकांना वाटतं मूल फार भक्तिमान आहे. तो बहुधा चिंतेचा आजार असतो, आणि त्याला अधिक प्रार्थनेची नव्हे, बालमानसोपचारतज्ज्ञाची गरज असते. पाळकांनाही सांगा, पण आधी डॉक्टर.

आणि मुलाला हेही स्पष्ट शिकवून ठेवा की मंडळीतल्या कोणाही मोठ्या माणसाला, पाळक असो, शिक्षक असो, तुला गुपित ठेवायला सांगण्याचा किंवा तुझ्या अंगाला नको तसा हात लावण्याचा अधिकार देवानं दिलेला नाही. असं झालं तर आईला सांगायचं, आई विश्वास ठेवील. आध्यात्मिक जडणघडणीच्या गप्पांमध्ये हे कोणी सांगत नाही, म्हणून मी दरवेळी सांगते.

माफी मागण्याबद्दल लिहायलाच हवं. उपासनेच्या दिवशी सकाळी घराघरात जो आरडाओरडा होतो तो मला चांगला ठाऊक आहे, एक मोजा सापडत नाही, उशीर होतोय, आई किंचाळते, बाबा गाडीत धुमसत बसतात, आणि अर्ध्या तासानं तेच दोघं हसऱ्या चेहऱ्यानं गीत गात असतात. मुलं दोन्ही बघतात. त्यातून ती ढोंगही शिकू शकतात किंवा सुवार्ताही, कोणती ते तुम्ही परत आल्यावर काय करता यावर ठरतं. "सकाळी मी तुझ्यावर ओरडले. मोजा हरवणं हे ओरडण्याचं कारण नव्हतं. मला क्षमा कर. मी देवाकडेही मागितली आहे." यात "पण तूसुद्धा" जोडू नका. क्षमा काय असते हे माझ्या मुलांना कोणत्याही धड्यातून नव्हे, अशा चार-पाच दुपारींतून कळलं असं ती आज म्हणतात.

संडे स्कूल हे सगळं करून देईल अशी अपेक्षा ठेवू नका, हे मी शिक्षिका म्हणूनच सांगते. रॉबर्ट रेक्स यांनी १७८०च्या सुमारास ग्लॉस्टरमध्ये रविवारच्या शाळा सुरू केल्या त्या आठवडाभर कामावर जाणाऱ्या गरीब मुलांना वाचायला शिकवण्यासाठी, घराची जागा घ्यायला नव्हे. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरनं १५२९ मध्ये लहान प्रश्नोत्तरी लिहिली ती घरातल्या कर्त्या माणसानं घरच्यांना शिकवावी म्हणून. माझ्याकडे तुमची मुलं आठवड्याला एक तास असतात, आणि त्यातली दहा मिनिटं हजेरीत जातात. मात्र तुमच्याखेरीज आणखी एक-दोन भरवशाची विश्वासू माणसं मुलाच्या आयुष्यात असावीत, मामा, आत्या, मंडळीतले एखादे काका, ज्यांना तो तुमच्याबद्दल तक्रार करू शकेल. या वयात आईला न सांगता येणाऱ्या शंका तिथं निघतात. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्न विचारत होता (लूक २:४६), आईवडिलांपासून दूर, परक्या मोठ्यांमध्ये. मरीयेला ते तेव्हा समजलं नाही. तिनं ते मनात ठेवलं.

तुमचे यजमान उपासनेला येत नाहीत, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. पौलाचा सहकारी तीमथ्य, त्याचा बाप हेल्लेणी, म्हणजे ग्रीक होता, विश्वास घरात आला तो आजी लोईस आणि आई युनीके यांच्याकडून. एकटी आई पुरते. मुलांसमोर त्यांच्या बाबांना कमी लेखू नका, एवढं सांभाळा.

राहिला शेवटचा प्रश्न. "मुलाला त्याच्या मार्गाचं शिक्षण दे, म्हणजे म्हातारपणीही तो त्यापासून फिरणार नाही" या वचनावरून (नीतिसूत्रे २२:६) तुम्ही स्वतःला दोषी ठरवता आहात. ते सूत्र आहे, करारपत्र नाही. सहसा असं घडतं, एवढं ते सांगतं. याजक एलीनं आपल्याजवळ वाढणाऱ्या बाळ शमुवेलाला देवाचा आवाज ओळखायला शिकवलं, "बोल, तुझा दास ऐकत आहे" हे वाक्य त्याच्या तोंडी दिलं आणि त्याला त्याच्या अंथरुणाकडे परत पाठवलं. स्वतः मध्ये उभा राहिला नाही. त्याच एलीचे स्वतःचे मुलगे बिघडले. शमुवेलाचेही बिघडले. एलीनं मुलांना आवरलं नाही हा दोष शास्त्र त्याच्यावर ठेवतं, पण शमुवेलाच्या बाबतीत असं काहीच सांगत नाही, मुलगे बापाच्या मार्गानं चालले नाहीत एवढंच. पुढं मंडळीचा थोर गुरू झालेला ऑगस्टीन ३८७ च्या ईस्टरला बाप्तिस्मा घेताना बत्तीस वर्षांचा होता. त्याआधीची कितीतरी वर्षं त्याची आई मोनिका त्याच्यासाठी रडत होती, आणि त्याच वर्षी ती गेली. तिनं काय चुकीचं केलं होतं?

वाक्य शिकवणं आपलं. आवाज देवाचा. ऐकायचं की नाही, ते मुलाचं.

आज रात्री मुलाला उपदेश करू नका. दिवा मालवायच्या वेळी त्याच्या खोलीत जा आणि एवढंच विचारा, "आजोबांसाठी तू देवाकडे काय मागितलं होतंस?" मग गप्प बसा. तो कदाचित दोन शब्दांत आटपेल, कदाचित रडेल, कदाचित भिंतीकडे तोंड करील. भिंतीकडे वळला तर पाठीवर हात ठेवा आणि तुम्ही काय मागितलं होतंत ते सांगून बाहेर या. उद्या पुन्हा विचारू नका. आठवडाभरानं, चालायला गेलात की विचारा.